भूखंड घेण्याआधी कोणाला काय विचारावे? बांधकाम प्रकल्पांतील नियोजनाच्या चुका आणि तज्ज्ञांची मदत

आखणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लहान-मोठे गृहप्रकल्प आणि व्यापारी संकुले यांच्या नियोजनात पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुकांवर येथे सविस्तर चर्चा व्हावी, या हेतूने हा धागा काढत आहे. मी नगररचनेच्या क्षेत्रात काम करतो आणि अडचणीत सापडलेले प्रकल्प माझ्याकडे सल्ल्यासाठी येत असतात. त्यांपैकी बहुतेक ठिकाणी आर्किटेक्ट असतो, स्ट्रक्चरल इंजिनिअर असतो, नकाशे मंजूर करून आणणारी अनुभवी व्यक्तीही असते. पण या सर्वांना बोलावले जाते तोवर जमिनीचा व्यवहार पुरा झालेला असतो, सदनिकांचा आकडा मनात पक्का झालेला असतो आणि कित्येकदा माहितीपत्रकही छापायला गेलेले असते. मग आधीच ठरलेला आकडा नियमांत कसाबसा बसवून दाखवणे, एवढेच काम तज्ज्ञाच्या वाट्याला येते. चुका टाळण्यासाठी तज्ज्ञ लागतो हे सर्वांनाच मान्य आहे. तो कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या प्रश्नासाठी लागतो, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

सुरुवात मंजुरीपासून करतो, कारण ‘नकाशा पास झाला म्हणजे सुटलो’ ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. न्यूयॉर्कमधील पूर्व ९६व्या रस्त्यावरील १०८ क्रमांकाच्या इमारतीचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. तेथे १९ मजल्यांची मर्यादा असताना ३१ मजले उभे राहिले, आणि तेही चोरून नव्हे, तर शहराच्या बांधकाम विभागाने दिलेल्या परवानगीने. विशेष क्षेत्राची हद्द कोठपर्यंत येते, याच्या वाचनात चूक झाली होती. विकासक न्यायालयात गेला. परवानगीच नियमबाह्य असेल तर ती देणाऱ्या विभागाच्या चुकीचा आधार घेऊन इमारत वाचवता येणार नाही, अशी भूमिका राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये घेतली. अखेर १९९३ मध्ये वरचे १२ मजले उतरवावे लागले. मंजूर नकाशा हातात असतानाही हद्दीची मूळ अधिसूचना आणि तिच्यासोबतचा नकाशा एकमेकांशी जुळतात की नाही, हे एखाद्या नगररचनाकाराने स्वतंत्रपणे ताडून पाहिले असते, तर ते काम काही दिवसांत झाले असते.

आपापल्या क्षेत्रातील सदस्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पायाभरणी

धाग्याबद्दल आभार. मी लहान प्रकल्प करणारा विकासक आहे, त्यामुळे व्यवहारातली अडचण मांडतो. जमीन विकायला निघाली की तिच्यामागे आणखी चारजण लागलेले असतात. मालक थांबायला तयार नसतो. जी जमीन आपल्याला मिळेल की नाही हेच ठाऊक नाही, तिच्यावर नगररचनाकार, सर्वेक्षक, माती तपासणारी प्रयोगशाळा आणि जलतज्ज्ञ यांचे शुल्क आधीच भरणे लहान माणसाला परवडत नाही. तेव्हा ‘सर्व तज्ज्ञांना आधी बोलवा’ हा सल्ला कितीही योग्य असला, तरी तो पाळता येईल असा करून सांगावा. खरेदीपूर्वी काय पाहिलेच पाहिजे आणि काय नंतर पाहिले तरी चालते?

आखणी

@पायाभरणी, आपला मुद्दा रास्त आहे. खरेदीपूर्वीची तपासणी आणि आराखड्यापूर्वीची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच पहिली तपासणी अवाढव्य वाटू लागते. खरेदीपूर्वी जे पाहायचे, त्यातील बराचसा भाग कागदांवर आणि एकदा जागेवर चालून पाहण्यात उरकतो. विकास आराखड्यात या जमिनीचा वापर काय दाखवला आहे, तिच्यावर सार्वजनिक कामासाठीचे एखादे आरक्षण किंवा प्रस्तावित रस्त्याची रेषा येते का, पोहोचरस्ता कायद्याने मिळतो की केवळ शेजाऱ्याच्या मर्जीने, जमिनीतून एखादा ओहोळ किंवा वाहिनी जाते का, आणि जवळच्या सार्वजनिक वाहिन्या किती खोल व किती भरलेल्या आहेत, एवढ्या प्रश्नांची उत्तरे अनुभवी नगररचनाकार थोड्या दिवसांत देऊ शकतो. पोहोचरस्त्याच्या प्रश्नाला मी सर्वांत वर ठेवतो. इमारतीची उंची कमी करता येते, वापर बदलून घेता येतो, माती सुधारता येते; पण पोहोचरस्ता अरुंद असेल आणि दोन्ही बाजूंची जमीन परक्याची असेल, तर जगातला कोणताही आर्किटेक्ट तो रुंद करू शकत नाही.

मालक थांबत नसेल तर करार सशर्त करावा. ठरावीक मुदतीत माती परीक्षण आणि वापराबाबतचा लेखी अभिप्राय प्रतिकूल आला तर इसाराची (आगाऊ दिलेली) रक्कम परत मिळेल, अशी अट वकिलाकडून घालून घ्यावी. मालकाने ही अट मुळीच मान्य केली नाही, तर तीही जमिनीविषयीची माहितीच समजावी.

जलरेषा

पर्जन्यजल व्यवस्थापन हा माझा विषय असल्यामुळे त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. मोकळ्या जमिनीवर इमारत आणि पक्के रस्ते झाले की पाण्याचे काय होते, याचा अंदाज अगदी साध्या गणिताने येतो. पाणलोटाचे क्षेत्र, पावसाची तीव्रता आणि वाहून जाणाऱ्या पाण्याचे गुणोत्तर यांचा गुणाकार केला की प्रवाह मिळतो. एक हेक्टर भूखंड घ्या आणि तासाला ५० मिलिमीटर वेगाने पाऊस पडतो आहे असे धरा. गवताळ जमिनीसाठी गुणोत्तर ०.३० धरले तर सेकंदाला सुमारे ४२ लिटर पाणी बाहेर पडते. त्याच भूखंडावर छपरे, फरसबंदी आणि डांबर आले, गुणोत्तर ०.८५ झाले, की तोच पाऊस सेकंदाला सुमारे ११८ लिटर पाणी बाहेर लोटतो. पाऊस तासभर टिकला तर पूर्वी जमिनीत मुरणारे किंवा तेथेच रेंगाळणारे सुमारे २७५ घनमीटर पाणी आता शेजाऱ्याच्या आवारात किंवा रस्त्यावर जाते. ते अडवून हळूहळू सोडायचे असेल, तर अकरा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल अशी टाकी लागते. आता ही टाकी सगळे लेआउट पक्के झाल्यावर कोठे बसवायची, हे सांगावे! तळघरात वाहनतळ असतो, मोकळ्या जागेखाली अग्निशमनाची टाकी असते आणि कडेने झाडे दाखवलेली असतात. म्हणून ती कागदावर छोटी होते, पुढे आणखी छोटी होते आणि शेवटी केवळ नकाशातील एका चौकोनापुरती उरते.

दुसरी चूक याहून गंभीर असते. पाण्याची हद्द आणि मालकीची हद्द एकच आहे असे गृहीत धरले जाते. अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर हे पूरनियंत्रणाचे दोन जलाशय सैन्याच्या अभियंता दलाने १९४० च्या दशकात बांधले. एरवी ते कोरडे असतात. ते पूर्ण भरले तर पाणी जेथवर पसरेल, तेवढी सगळी जमीन सरकारने संपादित केलेली नव्हती. उरलेल्या खासगी पट्ट्यात पुढे वसाहती उभ्या राहिल्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाच्या पावसात यातील हजारो घरांत पाणी शिरले. एका जलाशयालगतच्या काही वसाहतींच्या नोंदणीकृत नकाशांवर, येथे दीर्घकाळ नियंत्रित पाणी साचू शकते, अशी टीपही छापलेली होती. ती बारीक अक्षरांत होती आणि घर घेणाऱ्यापर्यंत बहुधा पोहोचतच नव्हती. परवानग्या होत्या, रस्ते होते, शाळा होत्या. फक्त समोच्च रेषांचा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा आणि धरणाची पातळी एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचे काम व्यवहाराच्या आधी घर घेणाऱ्याच्या बाजूने झाले नव्हते. हे काम सर्वेक्षकाच्या आणि जलतज्ज्ञाच्या एका बैठकीचे आहे.

समतल

जलरेषा यांच्या प्रतिसादाला पूरक म्हणून सांडपाण्याविषयी लिहितो, कारण तेथील चूक डोळ्यांना दिसत नाही आणि आयुष्यभर पुरते.

समजा, भूखंडाच्या मागच्या टोकाला इमारत आहे आणि सार्वजनिक वाहिनीचे मॅनहोल पुढच्या रस्त्यावर, १२० मीटरवर आहे. सांडपाण्याची नळी दर शंभर मीटरला एक मीटर उताराने टाकली, तर या अंतरात ती १.२ मीटर खाली उतरते. इमारतीजवळ ती जमिनीखाली ०.६ मीटरवरून निघाली आणि जमीन सपाट असली, तर रस्त्याजवळ पोहोचेपर्यंत तिची खोली १.८ मीटर होते. मॅनहोल उघडून पाहावे, तर सार्वजनिक वाहिनीचा तळ १.५ मीटरवरच असतो. ३० सेंटिमीटर कमी पडले! एवढ्या फरकासाठी पुढे कायमचा पंप बसवावा लागतो, त्याला पर्यायी वीजपुरवठा लागतो, दुसरा राखीव पंप लागतो, आणि तो बंद पडला की तळमजल्यावरील स्नानगृहात काय होते ते सांगायला नको. सुरुवातीलाच इमारत पुढे सरकवली असती किंवा जोते (तळमजल्याच्या जमिनीची पातळी) अर्धा मीटर उंच ठरवले असते, तर पाणी आपल्या वजनानेच वाहत गेले असते.

जोते ठरवताना आणखी एक पथ्य पाळावे. रस्त्याची आजची पातळी ही कायमची पातळी नसते. डांबराचे जुने थर न खरवडता नवे थर चढत राहिले की काही वर्षांत रस्ता आवारापेक्षा उंच होतो आणि पावसाचे पाणी फाटकातून आत येऊ लागते. मला विचाराल तर माझ्या क्षेत्रातील निम्म्या तक्रारी पातळ्यांच्या आहेत, आणि पातळ्यांचा नकाशा हा सर्वांत कमी पाहिला जाणारा नकाशा आहे.

तिसरा मजला

मी तज्ज्ञ नाही, दुसऱ्याने आखून बांधलेल्या घरात राहणारी रहिवासी आहे. आमच्यासारख्यांना नियोजनातल्या चुका ताबा घेतल्यानंतरच कळतात. कचऱ्याची गाडी वळत नाही, म्हणून मागे घेत घेत बाहेर काढावी लागते. सामान वाहून आणणारा ट्रक फाटकातच अडतो. पाहुण्यांची वाहने अग्निशमन गाडीसाठी सोडलेल्या वाटेवर उभी राहतात. येथे आलेले सर्व प्रतिसाद विकासकाने काय तपासावे याबद्दल आहेत. जे पुढे पन्नास वर्षे तेथे राहणार आहेत, त्यांच्या बाजूने या टेबलावर कोण बसलेले असते, असा माझा प्रश्न आहे.

दुसरे असे, की फसलेल्या नियोजनासाठी अमेरिकेतील सेंट लुईसमधील प्रुइट-इगो या वसाहतीचे उदाहरण नेहमी दिले जाते. ११ मजली ३३ इमारती १९५० च्या दशकात उभारल्या आणि १९७२ पासून त्या पाडायला सुरुवात झाली. उंच इमारती हीच तेथील चूक होती, असे म्हणता येईल का?

कोन

@तिसरा मजला, केवळ उंचीला दोष देणे मला पटत नाही. त्या इमारतींतील लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नव्हत्या; पहिला, चौथा, सातवा आणि दहावा एवढेच थांबे होते. बाकीच्या मजल्यांवरच्या लोकांनी जिन्याने चढावे किंवा उतरावे, अशी कल्पना होती, आणि तेच जिने पुढे असुरक्षित झाले. पण त्याहून मूलभूत अडचण पैशांची होती. देखभालीचा खर्च रहिवाशांच्या भाड्यातून भागवायचा होता. शहराची लोकसंख्या घटत गेली, घरे रिकामी पडली, भाडे आटले आणि दुरुस्त्या थांबल्या. तेव्हा आराखडा करतानाच ‘हे चालवणार कोण आणि कशातून?’ हा प्रश्न विचारावा लागतो. समतल यांनी सांगितलेला पंपही याच जातीचा आहे. बांधणारा तो एकदा विकत घेतो आणि रहिवासी तो कायम पोसतात.

मी आर्किटेक्ट आहे. वाहनतळाबाबत होणारी एक फसगत येथे नोंदवतो. एका मोटारीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, म्हणून साडेबारा चौरस मीटर धरून क्षेत्रफळाला भागले जाते आणि आकडा काढला जातो. प्रत्यक्षात मधली मार्गिका, उतरण, वळणे आणि खांब धरले की एका मोटारीमागे २५ ते ३० चौरस मीटर जातात. हा हिशेब उशिरा लक्षात आला की मग आणखी एक तळघर खोदावे लागते, किंवा खांबांना चिकटून अशा जागा आखल्या जातात की गाडी लागली तरी दार उघडत नाही. वरच्या मजल्यांवरच्या खोल्यांच्या सोयीने खांब ठरवायचे आणि त्यांच्या मध्ये जमेल तशा गाड्या बसवायच्या, हा उलटा क्रम आहे. खांबांची जाळी वाहनतळ आणि सदनिका या दोन्हींचा एकत्र विचार करून ठरवावी लागते आणि त्यासाठी आर्किटेक्ट व स्ट्रक्चरल इंजिनिअर पहिल्या रेखाटनापासून एकत्र हवेत.

अग्निशमन गाडीचेही तसेच आहे. इंग्लंडमधील मार्गदर्शक नियमांत पंप असलेल्या गाडीसाठी वाट किमान ३.७ मीटर रुंद सांगितली आहे आणि २० मीटरपेक्षा लांब बंद वाटेच्या शेवटी गाडी वळवण्याची सोय मागितली आहे. देशोदेशी आकडे वेगवेगळे असतील, पण गाडीची लांबी आणि वळणाचा वक्र नकाशावर काढून पाहणे कोठेही शक्य आहे. त्याला संगणकावर फारसा वेळ लागत नाही.

रोकठोक

सर्व प्रतिसाद वाचले. क्षमा असावी, पण ‘तज्ज्ञ आणा’ हे उत्तर मला अपुरे वाटते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिलेनियम टॉवरसाठी नामांकित तज्ज्ञांची कमतरता नव्हती. ५८ मजल्यांची ती इमारत २००९ मध्ये पूर्ण झाली. तिच्या पायाचे, जमिनीत खोल जाणारे खांब खडकापर्यंत न नेता वरच्या वाळूच्या थरात थांबवले होते. ती अपेक्षेपेक्षा फार जास्त खचली आणि कलली, हे २०१६ मध्ये जगजाहीर झाले. पुढे खडकापर्यंत नवे खांब घालून तिला आधार द्यावा लागला. तज्ज्ञाचे शुल्क विकासक देतो आणि ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा न्याय येथेही चालतो. अशा अहवालावर विश्वास का ठेवावा?

आखणी

@रोकठोक, आक्षेप योग्य ठिकाणी आहे. त्या इमारतीच्या संरचनेचे त्रयस्थ परीक्षणही झाले होते. पण पायाखालच्या मातीचा प्रश्न आपल्या कामाच्या कक्षेत नव्हता, असे परीक्षकाने पुढे सार्वजनिक सुनावणीत सांगितले. हा तपशील मला संपूर्ण प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक जण आपापल्या वर्तुळात काम करत होता आणि धोका नेमका दोन वर्तुळांच्या मधल्या जागेत होता. अप्रामाणिकपणाला आळा घालणे अवघड आहे, पण ही मधली जागा मात्र करारातून भरून काढता येते.

मी स्वतः तीन गोष्टींचा आग्रह धरतो. एक म्हणजे मंजुरी मिळवून देणारी व्यक्ती आणि नियोजनाचा सल्ला देणारी व्यक्ती शक्यतो वेगळी असावी, कारण पहिलीचे यश नकाशा पास होण्यात असते आणि दुसरीचे यश प्रसंगी ‘ही जमीन घेऊ नका’ असे सांगण्यात असते. शुल्कही त्यानुसार ठरावे. बांधलेल्या चौरस मीटरवर शुल्क घेणारा सल्लागार कमी बांधा असे सहसा सांगत नाही. त्याचप्रमाणे प्रत्येक अहवालात, मी काय तपासले नाही, असा परिच्छेद सक्तीचा असावा. आणि सर्व शाखांच्या तज्ज्ञांनी एकाच दिवशी एकाच टेबलावर परस्परांचे नकाशे तपासावेत, ही बैठक करारात लिहिलेली असावी.

@तिसरा मजला यांच्या प्रश्नाचेही उत्तर याच बैठकीत आहे. इमारत पुढे चालवणार असलेल्या किंवा अशा इमारतींच्या देखभालीचा अनुभव असलेल्या व्यक्तीला तेथे बोलवावे. पंपांची खोली पाहून पहिला प्रश्न तीच विचारते: हा पंप बिघडला तर या दारातून बाहेर कसा काढायचा?

पायाभरणी

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. शेवटची विचारणा अशी, की लहान प्रकल्पाला इतक्या सर्वांची पूर्णवेळ नेमणूक शक्य नाही. दोनच व्यक्ती नेमायच्या झाल्या तर कोणत्या, आणि त्यांच्या कामाचा मसुदा कसा लिहावा?

समतल

माझे मत विचाराल तर पहिली व्यक्ती सर्वेक्षक. कोणताही तज्ज्ञ येण्याआधी हद्द, समोच्च रेषा, झाडे, शेजारच्या जमिनींच्या पातळ्या, रस्त्याचा मध्य आणि मॅनहोलचे तळ एवढे एका नकाशावर आले, की पुढची निम्मी चर्चा आपोआप लहान होते. पातळ्या सार्वजनिक वाहिन्यांच्या नकाशात ज्या संदर्भबिंदूवरून दिल्या आहेत, त्याच बिंदूवरून घ्यायला लावाव्यात. दोन नकाशांतले शून्य वेगवेगळे निघाले की सगळा हिशेब फसतो आणि ते खोदाई सुरू होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

आखणी

समतल यांच्याशी सहमत. दुसरी व्यक्ती नगररचनेचा अनुभव असलेला नियोजक किंवा आर्किटेक्ट, आणि त्याची पहिली नेमणूक केवळ शक्यता अहवालापुरती करावी. त्या अहवालाचे शुल्क वेगळे द्यावे आणि पुढचे काम त्यालाच मिळेल असे आश्वासन देऊ नये. मसुद्यात ‘नियमांनुसार सल्ला देणे’ असे मोघम न लिहिता प्रश्न लिहावेत: या जमिनीवर सुखाने किती सदनिका बसतात, आणि त्या आकड्यावर पहिली अडचण कशाची येते, रस्त्याची, वाहनतळाची, पाण्याची की सांडपाण्याची? पुढील दहा वर्षांत शेजारच्या जमिनीवर जास्तीत जास्त काय उभे राहू शकते, आणि त्यानंतर आपल्या खिडक्यांना उजेड उरतो का? माती परीक्षणासाठी किती ठिकाणी आणि किती खोल बोअर (जमिनीतील चाचणीची छिद्रे) घ्यावेत, हे मात्र त्याला ठरवू देऊ नये. ते भूतंत्रज्ञाकडून (माती आणि पाया यांच्या अभियंत्याकडून) लेखी घ्यावे आणि इमारतीचा आराखडा बदलला तर पुन्हा विचारावे, कारण जुन्या आराखड्यातल्या इमारतीखाली घेतलेले बोअर नव्या आराखड्यात बागेखाली आलेले मी पाहिले आहेत.

मसुदा तयार झाला की वैयक्तिक तपशील वगळून येथे ठेवावा. जलरेषा आणि कोन यांनी त्यावर नजर टाकली तर उत्तम.

जलरेषा

अवश्य. मसुद्यासोबत भूखंडाचा समोच्च रेषांचा नकाशाही ठेवावा, आणि तो केवळ आपल्या हद्दीपुरता नको. वरच्या बाजूला पाणी जेथून येते तेथपर्यंतचा आणि खालच्या बाजूला ते रस्त्याखालच्या ज्या मोरीतून जाते त्या मोरीपर्यंतचा हवा. मोरीचा व्यास आणि तिच्यात किती गाळ आहे, तेही लिहावे.